जुने सीएफएल द्यायचे कुणाला: भंगारवाला, घंटागाडी का ई-कचरा केंद्र?

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून सात सीएफएल (वळणाच्या नळीचे पांढरे बल्ब) निघाले, एलईडी लावल्यावर काढून ठेवलेले, आई म्हणली दे भंगारवाल्याला. मी नको म्हणलं. एका सीएफएलमधे साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो, बल्ब अख्खा आहे तोवर काहीच होत नाही, पण फुटला की पाऱ्याची वाफ होते अन् ती दिसत पण नाही. म्हणून कुणाकडं दिला तर तो न फुटता जाईल, एवढंच बघायचं.

भंगारवाला सगळ्यात सोपा, दारात येतो. पण त्याला पाहिजे असतं बुडाचं पत्रा-सर्किट, काच तो तिथंच फोडतो, उघड्या हातानं, शेजारी त्याचं लेकरू बसलेलं. हे आमच्या गल्लीत मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून मी तरी देत नाही.

खेड्यात उकंडा जवळ पडतो, पण तेच खत मिरगाच्या आधी शेतात जातं, काचा बैलाच्या नाहीतर आपल्या पायात घुसतात अन् पारा मातीत राहतो. कचरा पेटवला तर तोच हवेत.

घंटागाडी चालेल, पण सुक्या कचऱ्यात नाही, तिथं दाबून फुटणारच. 2016 च्या घनकचरा नियमांत सीएफएल, ट्यूब, पाऱ्याचा थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा धरला होता, तो वेगळाच द्यायचा. नांदेड, लातूर, संभाजीनगर कुठंही राहत असाल तर गाडीवाल्याला आधी विचारा, वेगळा डबा नसला तर बल्ब परत घरात.

माझं मत ई-कचरा केंद्राला. अधिकृत रिसायकलर बंद मशीनमधे काच फोडून पारा वेगळा काढतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर त्यांची यादी असते. लांब पडतं हे खरंय, पण सात बल्बला काही घाई नाही, बुटाच्या खोक्यात पेपरचे बोळे घालून लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, शहरात चक्कर होईल तेव्हा न्या. एलईडीत पारा नसतो, तरी सर्किट असतं म्हणून तो पण त्यातच.

अन् एखादा फुटलाच तर फॅन बंद, खिडक्या उघड्या, सगळ्यांनी 15 मिनिटं बाहेर. झाडू मारायचा नाही, पुठ्ठ्यानं काचा गोळा करायच्या, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचलायचा, मग ओल्या कागदानं फरशी पुसून सगळं झाकणाच्या बरणीत भरायचं, ती बरणी पण त्याच खोक्यात.