यूपीसी १२३७ चा प्रोटेक्शन बोर्ड हेडफोन अ‍ॅम्पला: धप्प जातो, डीसीचं मात्र तुम्हीच बघायचं

हेडफोन अ‍ॅम्पचा स्विच टाकताच कानात जो ‘धप्प’ बसतो, त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणून यूपीसी १२३७ या आयसीचा हा बोर्ड सुचवला जातो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड’ म्हटलं की काउंटरवर येतो तोच. एका रांगेत आठ पाय असलेला आयसी, एक-दोन रिले (विजेने उघडझाप करणारे स्विच), एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचे चार डायोड आणि स्क्रूचे कनेक्टर. मूळ आयसी एनईसी या जपानी कंपनीचा. आता हाती पडतात त्या बहुतेक नकला, पण काम तेच करतात. किंमत चांगल्या हेडफोनच्या पासंगालाही पुरणार नाही. फक्त वस्तू बनलीय स्पीकरसाठी, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आधी जमेची बाजू. स्विच टाकल्यावर रिले साधारण ३ सेकंद उघडा राहतो. तेवढ्यात अ‍ॅम्पचा अधिक-उणे सप्लाय स्थिरावतो आणि हेडफोनपर्यंत काहीच पोचत नाही. हा वेळ ७ नंबरच्या पायावरचा कॅपॅसिटर ठरवतो. तिथे ४७ एमएफडी (मायक्रोफॅरड) असेल तर १०० लावा, वेळ दुपटीवर जाईल. ऑपअ‍ॅम्पवाल्या अ‍ॅम्पला एवढं पुष्कळ झालं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला तापायला अर्धा मिनिट तरी हवा. म्हणून ४७० एमएफडी ठोकायचा मोह होतो, पण एवढ्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधून झिरपणारा करंट, म्हणजे लीकेज, चार्जिंगचा बारीकसा करंटच खाऊ शकतं. मग रिले कधी एका मिनिटाने पकडतो (जुळतो), कधी पकडतच नाही. तिथे वेगळा टायमर बरा.

आउटपुटला कॅपॅसिटर असलेल्या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे एकाच सप्लायवर चालणाऱ्या बहुतेक किटमध्ये, बोर्ड लावूनही धप्प येतो आणि लोक बोर्डाला शिव्या घालतात. दोष बोर्डाचा नाही. रिले उघडा असताना आउटपुटच्या त्या कॅपॅसिटरला (समजा ४७० एमएफडी) चार्ज व्हायला वाटच नसते. रिले पकडला की तो सगळा चार्जिंग करंट हेडफोनच्या कॉइलमधून जातो. धप्प तेवढाच, फक्त ३ सेकंद उशिरा. त्यासाठी कॅपॅसिटरनंतर आणि रिलेच्या आधी, दोन्ही चॅनलना, ग्राउंडकडे १ किलोओमचा रेझिस्टर लावायचा. ४७० एमएफडी आणि १ किलोओम मिळून टाइम कॉन्स्टंट ०.४७ सेकंद, त्याच्या पाचपट म्हणजे २.३५ सेकंदांत कॅपॅसिटर भरतो. ३ सेकंदांत हे जेमतेम बसतं, म्हणून इथे ७ नंबरला १०० एमएफडीच लावा.

सप्लाय देताना सगळ्यात जास्त बोर्ड आणि अ‍ॅम्प जळतात. अ‍ॅम्प बिघडून आउटपुटला आलेला डीसी (एकाच दिशेचा, न बदलणारा व्होल्टेज) ओळखायचा तर बोर्डाचं ग्राउंड अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडावंच लागतं. पण बोर्डाला स्वतःचा ब्रिज असतो. अ‍ॅम्पच्याच ट्रान्सफॉर्मरच्या १२-०-१२ (मधून तार काढलेल्या) वायंडिंगवरून त्याला एसी दिलात आणि ग्राउंड जोडलंत, तर दोन ब्रिज एकमेकांतून शॉर्ट होतात आणि डायोड जातो. वेगळं वायंडिंग घ्या, नाहीतर ५०० मिलिअँपचा छोटा ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र लावा. रिलेवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर १२ व्होल्टच एसी. १८ दिलेत तर ब्रिजनंतर २४ च्या आसपास होतात आणि रिले हात लावू देत नाही इतका तापतो.

बंद करतानाचा आवाज ४ नंबरचा पाय सांभाळतो. एसी गेला की तो लगेच रिले सोडतो, अ‍ॅम्पचे फिल्टर कॅपॅसिटर रिकामे व्हायच्या आधी. बोर्डाला डीसी अ‍ॅडॉप्टर लावलात तर ही सोय लंगडी पडते, कारण अ‍ॅडॉप्टरच्या पोटातला कॅपॅसिटर व्होल्टेज धरून ठेवतो. स्विच अ‍ॅडॉप्टरच्या डीसी तारेत असेल तर निभावतं, भिंतीवरच्या स्विचबोर्डात असेल तर नाही. आणि डीसीवर रिले पकडतच नसेल तर बोर्ड फेकू नका, दोन तारा उलटून बघा. ४ नंबरचा पाय एकाच तारेवर नजर ठेवून असतो.

आता खरी उणी बाजू. २ नंबरचा पाय डीसी पकडतो, तो अधिक ०.६ व्होल्टच्या आसपास. पण दोन्ही चॅनल प्रत्येकी ५६ किलोओममधून त्याच पायावर येतात, त्यामुळे एका चॅनलचा डीसी निम्माच दिसतो. म्हणजे प्रत्यक्षात १.२ व्होल्ट झाल्यावर जाग येते. ८ ओमच्या स्पीकरला ते किरकोळ. ३२ ओमच्या हेडफोनला तेच ४५ मिलिवॉट होतात, १६ ओमच्या इअरफोनला ९०, तेही सतत आणि आवाज न करता. कॉइल एका बाजूला सरकून बसते आणि तापत राहते. त्यातून डावीकडे अधिक १० आणि उजवीकडे उणे १० व्होल्ट आले तर बेरीज शून्य, आणि बोर्ड ढिम्म. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक चॅनलला एकेक बोर्ड, दुसरा इनपुट मोकळा. मर्यादा निम्म्यावर येते आणि बेरजेची भानगडही मिटते. इअरफोन वापरणाऱ्यांनी हे करावंच.

रिलेही बदला. बोर्डावरचा रिले मोठ्या करंटचा असतो. हेडफोनच्या काही मिलिअँपने त्याच्या कॉन्टॅक्टवरचा थर तुटत नाही. काही महिन्यांनी एक चॅनल बारीक होतो, टिचकी मारली की परत येतो. सोन्याच्या मुलाम्याचे कॉन्टॅक्ट असलेला सिग्नल रिले लावा. ओमरॉन जी५व्ही-२, १२ व्होल्टचा, चालतो. पाय जुळणार नाहीत, तेव्हा झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या प्लेटवर) बसवून तारा ओढा. जोडणी अशी: मधला कॉन्टॅक्ट हेडफोनला, पकडल्यावर जुळणारा अ‍ॅम्पला, सुटल्यावर जुळणारा ग्राउंडला.

पहिल्यांदा चालू करताना हेडफोनच्या जागी अर्ध्या वॉटचे ३३ ओमचे रेझिस्टर लावा. रिले पकडल्यावर मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर असेल तर आधी अ‍ॅम्प दुरुस्त करा. मग अ‍ॅम्प सोडवून बोर्डाच्या एका इनपुटला ९ व्होल्टची बॅटरी टेकवा. रिले झटक्यात सुटला पाहिजे. रेंगाळत असेल तर ५६ च्या जागी ३३ किलोओम लावा. त्याहून फार खाली उतरलात तर खोल बेसलाच रिले सुटेल.

बॅलन्स्ड आउटपुटसाठी मात्र हा बोर्ड घेऊच नका. तिथे चारही तारांवर सिग्नल असतो, ग्राउंड म्हणून जोडायला एकही तार मोकळी नसते, आणि दोन कॉन्टॅक्टच्या रिलेने तिथे निम्म्याच तारा तुटतात.