लॉन काढून जलपिंपळी लावली, त्याला अकरा महिने झाले

गेल्या मिरगात अंगणातलं मेक्सिकन लॉन उपटून काढलं आणि जलपिंपळी, म्हणजे जमिनीलगत पसरणारी एक वेल, लावली. जागा चारशे चौरस फूट, माती आपली बेळगावची तांबडी. लॉनवर राग पाण्यावरून. एवढ्या जागेला इंचभर पाणी म्हणजे जवळपास साडेनऊशे लिटर. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला तेवढं ओतूनही ते पिवळंच. बोअर गचके द्यायला लागली की आधी टाकी भरायची की गवत भिजवायचं, यावरून घरात वाद ठरलेला.

रोपं विकत आणली नाहीत. मार्कंडेय नदीच्या काठाला ही वेल आपसूक पसरलेली असते. फुलाचं बोंड पिंपळीसारखं, म्हणून हे नाव. पोतंभर वेल आणून दोन-दोन पेरांचे तुकडे फुटाफुटावर खोचले. माळीमामा बघतच राहिले. "एवढं लॉन काढून तण लावायलासा व्हय अक्का?"

पहिले तीन महिने जीव काढतात, हे आधीच सांगते. मोकळ्या मातीत लव्हाळा उसळतो. वरचं पातं ओढून भागत नाही, खाली गाठ राहिली की चार दिवसांत परत हजर. खुरपं घेऊन रोज बसले. दिवाळीपर्यंत माती झाकली, कारण पेरापेराला मुळं फुटतात.

थंडीत पानं जांभळट झाली, वाटलं गेलं सगळं. गेलं नव्हतं. या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांतून अर्धा इंच पाणी दिलं, बस. पानं बारीक झाली, रंग मळला. पहिला वळीव पडल्यावर आठवड्यात पुन्हा हिरवंगार. कापायचं यंत्र पडूनच आहे.

आता तक्रारी. फुलांवर मधमाश्या असतात. नातू अनवाणी पळाला आणि तळपायाला डंख घेऊन आला. पोरांनी क्रिकेट खेळलं तिथं टक्कल पडलंय. फणसाखाली विरळच. कडा दर तीन आठवड्यांनी कातरल्या नाहीत तर फरशीच्या फटीत घुसते.

शेजारच्या वहिनींनी पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवली होती. दिसते छान, पण ती मूळची अमेरिका खंडातली, आणि जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. नको म्हटलं.

मधे मधे हरळी डोकं काढते, ती उपटते. फक्त तुळशीजवळची हातभर पट्टी सोडलीय; गणपतीला दुर्वा विकत आणायच्या म्हणजे सासूबाईंचं बोलणं कोण ऐकून घेणार?