सिएनाचे म्हणून विकलेले मॅडोनाचे फलकचित्र : खरेदीपूर्वी हे वाचावे

फ्लोरेन्समधील एका विक्रेत्याने मला लंडनला पाठवलेले मॅडोना (येशूची आई मरिया) आणि बाल येशूचे लाकडी फलकचित्र पंधराव्या शतकातील नाही, हे आता तपासणीअंती सिद्ध झाले आहे. चित्रावर सही नव्हती, पण त्यात वावगे काही नाही. त्या काळातील घरगुती उपासनेची असंख्य फलकचित्रे निनावीच आहेत. हे चित्र इटलीतील सिएना शहराच्या सानो दी पिएत्रो या चित्रकाराच्या (१४०५–१४८१) कार्यशाळेतले असल्याचे विक्रेत्याने ठामपणे सांगितले आणि पुरावा म्हणून चित्राच्या छायाचित्राच्या पाठीवर लिहिलेले एका अभ्यासकाचे मत दाखवले. पावतीवर मात्र फक्त ‘इटालियन शैलीतील फलकचित्र’ असे लिहिले. निर्यातीच्या कागदांत तर त्याने तीच वस्तू सत्तर वर्षांहून कमी जुनी असल्याचे जाहीर केले होते, कारण खरे जुने चित्र इटलीबाहेर नेण्यासाठी सरकारी परवानगी लागते.

लाकूड पॉप्लरचे आणि खरोखरच जुने होते. परंतु क्ष-किरण तपासणीत किडीने पोखरलेल्या नागमोडी वाटांमध्ये पांढरा गेस्सो (रंगाखाली देतात तो लेप) भरलेला दिसला, म्हणजे आधी लाकूड किडले आणि नंतर त्यावर चित्रासाठी लेप चढला. मरियेच्या झग्यात प्रशियन निळा सापडला. हा रंग अठराव्या शतकापूर्वी अस्तित्वातच नव्हता. डागडुजीतही तो येऊ शकतो, म्हणून संवर्धकाने नमुना थेट गेस्सोला लागून असलेल्या थरातून घेतला, आणि तिथेही तोच निघाला.

सिएनात अशा बनावट जुन्या चित्रांची परंपराच होती. ती रंगवणाऱ्या इचिलिओ फेदेरिको योनीने १९३२ मध्ये आपल्या आठवणींत ती उघडपणे सांगितली आहे. संग्राहक लॉर्ड ली यांनी १९३० मध्ये पंधराव्या शतकातील चित्रकार बोत्तिचेल्लीची म्हणून घेतलेली मॅडोना आज सिएनाच्याच उंबेर्तो जुंती या नक्कलकाराची मानली जाते. तिच्यातही प्रशियन निळा आढळला, आणि कलाइतिहासकार केनेथ क्लार्क यांना तर तिच्या चेहऱ्यात मूकपटातील नटीची छटा आधीच जाणवली होती.

कलाकाराचे श्रेय हे केवळ मत असते, असे सांगून विक्रेत्याने पैसे परत करण्याचे नाकारले. माझ्या मते, नाव कोणाचे हा प्रश्न नंतरचा; फलक त्या शतकातला आहे का, हे आधी ठरले पाहिजे. म्हणून शतक आणि परतीची अट पावतीवर लिहून घ्यावी, मत देणाऱ्याने फलक प्रत्यक्ष पाहिला होता का हे विचारावे, आणि निर्यातीचा कागद पैसे देण्याआधी मागावा.