गाडी जतची होती म्हणे

तीन लाख पंधरा हजार. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगताना जीभ अडखळणार नाही. जानेवारी 2020 मध्ये सांगलीला जाऊन मी जुनी फियाट पुंटो इव्हो घेतली. 2016 ची, 1.3 मल्टिजेट, 90 एचपीवाली.

आणि मला गाडीतलं कळत नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेल्या, मी खंबाटकी घाट चढवायला शिकलो. टॅपेट वाजतायत की इंजेक्टर गेलाय, हे बॉनेट न उघडता सांगतो. साताऱ्यात मित्र जुनी गाडी बघायला निघाले की मला बरोबर न्यायचे. आता नेत नाहीत.

पुंटोच का? हायड्रॉलिक स्टिअरिंग. हल्लीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमधून चाकाखाली डांबर आहे की खडी, काही कळत नाही. आणि ते 1248 सीसीचं इंजिन! निम्म्या हिंदुस्थानातल्या डिझेल गाड्या त्याच्यावर पळाल्या. पण पुंटोत दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो जागा झाला की पाठीत जो धपाटा बसतो, तो वेगळाच. तोवर फियाटनं इथला गाशा गुंडाळला होता. चांगली गाडी पुन्हा मिळणार नाही या घाईत मी होतो, आणि एजंटाला ती घाई फोनवरच ऐकू आली असणार.

‘दादा, सिंगल ओनर. रिटायर मास्तरांची गाडी, जतची.’

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, हे मला माहीत नव्हतं का? होतं. म्हणून तर विचारलं, ‘पुरातली नाही ना?’ तो हसला. ‘दादा, जतला प्यायला टँकर लागतोय. पूर कुठनं आणायचा?’ मीही हसलो. आरसीवर पत्ता जत तालुक्यातलाच होता. मास्तरांचा मुलगा सांगलीत राहतो आणि गाडी त्याच्या बिल्डिंगच्या तळपार्किंगमध्ये उभी असायची, हे आरसीवर लिहिलेलं नसतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही रात्री उठून बसतो. ट्रायलला बसलो, सीटबेल्ट ओढला. अर्ध्यावर अडला. झटका दिला तर पुढचा पट्टा बाहेर आला आणि त्याच्यावर बोटभर रुंदीचा काळपट डाग, हाताला भुकटी लागली. मी बोटं चोळून बघितली. तो म्हणाला, ‘जतचा फुफाटा हो दादा.’ आणि मी बोटं पँटला पुसली! माहुलीच्या घाटावर पोहायला शिकलेला माणूस मी. नदीचा गाळ वाळल्यावर हाताला कसा लागतो, पिठासारखा, हे मला कुणी सांगायला हवं होतं? सीट कव्हर कोरी, मॅट कोऱ्या, मोगऱ्याचं अत्तर इतकं फवारलेलं की डोकं दुखावं. उजव्या हेडलाइटच्या आत धुकं. सगळं दिसत होतं. पण इंजिन एका सेल्फला सुरू झालं, पेठ नाक्याकडच्या त्या कुप्रसिद्ध रस्त्यावर सस्पेन्शननं खड्डे गिळले, आणि मी कानानंच गाडी बघितली, नाकानं नाही.

पैसे असे गेले: टोकन 11,000. आरटीजीएस 2,04,000. रोख 1,00,000, पावती नाही. नावावर करायचे 6,000 वेगळे. इन्शुरन्स संपलेला होता, ‘नवा काढून देतो’ म्हणाला. मागच्या वर्षीची पॉलिसी मागा, आणि दिली नाही तर उठून चालू लागा. क्लेम झाला होता का, याचा माग तिथूनच लागतो.

पाचव्या आठवड्यात खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे डॅशवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि गाडी मेली. टोइंग 4,500. मेकॅनिकनं डॅशखालचा बॉडी कॉम्प्युटर, म्हणजे गाडीची विजेची कामं सांभाळणारा डबा, काढला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला, कार्पेटखालच्या फोममध्ये गाळाचा थर. बिल 58,300. मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चासी नंबर दिला. दोन मिनिटांत उत्तर: ऑगस्ट 2019, टो करून आणली, एस्टिमेट 4,12,000, मालकानं दुरुस्ती नाकारली. ही दोन मिनिटं मी जानेवारीत खर्च केली असती तर!

एजंट म्हणाला, ‘मी फक्त गाठ घालून दिली.’ खरंच, कागदावर तो कुठंच नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मास्तरांच्या. आरटीजीएस गेला होता एजंटाच्या मेहुण्याच्या खात्यात. आरसीवरचं नाव आणि खात्याचं नाव एकच नसेल तर एक रुपया पाठवू नका.

साताऱ्यातले पोलीस म्हणाले, व्यवहार सांगलीत झाला, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेतले, चारशे वीस नाही का? साहेब म्हणाले, ‘तुम्ही गाडी चालवून बघितली ना? मग?’ एफआयआर नाही, साधा तक्रार अर्ज, त्यावर पोचेचा शिक्का मारायला दोन तास. पुढच्या खेपेला अर्ज सापडेना. तिसऱ्या खेपेला ज्यांना भेटलो त्यांची बदली झालेली. आरटीओत सांगितलं, आम्ही कागद बघतो, गाडी नाही. मग मार्चमध्ये लॉकडाऊन, सगळ्यांना आयतं कारण. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे खरं. पण वकील विचारतो, विक्रेता कोण? मास्तरांना ओढू? त्या म्हाताऱ्याला एजंटानं 70,000 टेकवले होते, ‘भंगारात घालतो’ सांगून.

गाडी शेवटी मी 85,000 ला दिली, पुरातली आहे असं स्टॅम्पपेपरवर लिहून. घेणारा म्हणाला, असं कोण लिहून देतं? निव्वळ 2,98,800 पाण्यात. बायकोला अजून रोखीचा आकडा सांगितलेला नाही.

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा सांगलीत शिरली. दिवाळीनंतर एजंटाच्या त्याच नंबरवरून मेसेज आला. त्याच्या यादीतून माझं नाव काढायचं राहिलं असावं. पांढरी सेडान, सिंगल ओनर, कोरी सीट कव्हर. खाली लिहिलं होतं: गाडी आटपाडीची आहे.