ला बिओंदा आणि रिगेइराच्या जुन्या तबकड्या : १० महिन्यांच्या वापरानंतर

चार तबकड्या आहेत, इटलीतल्या दोन डिस्को-पॉप जोड्यांच्या. ला बिओंदाची १९७८ची एलपी, जिच्यात 'वन फॉर यू, वन फॉर मी' आहे. रिगेइराची 'वामोस आ ला प्लाया' ही १९८३ची बारा इंची, म्हणजे आकार एलपीचा पण एका बाजूला एकच गाणं. त्याच वर्षीची रिगेइराची पहिली एलपी. आणि 'लेस्ताते स्ता फिनेन्दो' ही १९८५ची बारा इंची. सगळ्या वापरलेल्या, इटालियन छपाईच्या. १० महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, एकाच टर्नटेबलवर, लंबवर्तुळाकार सुईने, २ ग्रॅम भारावर वाजवल्या आहेत. निकाल आधीच सांगतो: दोन्ही बारा इंची घ्याव्यात, १९७८ची एलपी चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नये, आणि १९८३ची एलपी नुसत्या 'वामोस'साठी घेणार असाल तर पैसे वाचवा.

या चौघींची एकत्र परीक्षा घेण्याचं कारण म्हणजे चारहींच्या मागे तेच दोन भाऊ आहेत. कार्मेलो आणि मिकेलांजेलो ला बिओंदा मूळचे सिसिलीतल्या रामाक्का गावचे, वाढले मिलानमध्ये. सुरुवात डिस्कोने झालेली नाही. १९७२ची त्यांची पहिली एलपी गिटारवरच्या गाण्यांची होती, आणि त्याच वर्षी गायिका मिया मार्तिनीने गाजवलेल्या 'पिक्कोलो उओमो'च्या शब्दांत मिकेलांजेलोचा हात होता. डिस्कोकडे ते वळले १९७७च्या आसपास, म्युनिकच्या स्टुडिओंत, डी. डी. साउंड या नावाने. 'डिस्को बास' आणि 'वन, टू, थ्री, फोर, गिम्मी सम मोअर' ही त्या नावाची गाणी. पुढच्याच वर्षी स्वतःच्या आडनावाने 'वन फॉर यू, वन फॉर मी' आलं. त्याचे इंग्रजी शब्द रिचर्ड पामर-जेम्सचे. म्हणजे सुपरट्रॅम्प या ब्रिटिश रॉक बँडचा सुरुवातीचा गिटारवादक आणि किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडचा गीतकार. गंभीर रॉकवाले डिस्कोला नाकं मुरडत असताना हा माणूस म्युनिकमध्ये बसून 'एक तुला, एक मला' लिहीत होता.

रिगेइरा म्हणजे तोरिनोचे (ट्यूरिनचे) दोन शाळासोबती, स्तेफानो रिगी आणि स्तेफानो रोता. रिगी या आडनावाला ब्राझिली शेपूट जोडून रिगेइरा केलं, एक झाला जॉन्सन, दुसरा मायकल, आणि दोघे भाऊ असल्याची बतावणी. खऱ्या भावांनी या खोट्या भावांना घडवलं. 'वामोस आ ला प्लाया' स्पॅनिशमध्ये आहे, लिहिणारे इटालियन. चला समुद्रावर, एवढाच अर्थ ऐकणाऱ्यांनी घेतला आणि ते १९८३च्या उन्हाळ्याचं गाणं झालं. शब्द नीट ऐकले तर बॉम्ब फुटलेला आहे, किरणोत्सारी वारा केस विस्कटतो आहे आणि पाणी चमकतं आहे. समुद्र शेवटी स्वच्छ झाला, कारण घाण वास मारणारे मासेच उरले नाहीत. चाल मात्र टोपी घालून नाचायची.

आता वापराचं.

१९७८ची एलपी आणि १९८३ची बारा इंची एकाच सुईखाली लागोपाठ वाजवल्या की पहिला धडा मिळतो: सिंथ-पॉपची, म्हणजे सिंथेसायझरवरच्या गाण्यांची, तबकडी डिस्कोच्या तबकडीपेक्षा जास्त नाजूक असते. १९७८च्या मांडणीत हाय-हॅट (ड्रमची झांज) सतत चालू, तंतुवाद्यांचा पडदा मागे पसरलेला, सोबत कोरस. बारीक चरचर आणि टिकटिक त्यात बुडून जाते. 'वामोस'मध्ये ठेका काटेकोर, दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा. त्या जागेत पडलेली प्रत्येक टिचकी ऐकू येते. म्हणून विकणारा 'अवस्था चांगली' म्हणतो तेव्हा डिस्कोसाठी ते चालून जातं. १९८३नंतरच्या तबकडीला त्याहून वरच्या अवस्थेचीच मागावी.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. जुन्या छपाईत भोक मध्यापासून सरकलेलं असण्याचे प्रकार पुष्कळ, आणि त्याचा परिणाम लोक टर्नटेबलच्या माथी मारतात. हिशेब सोपा आहे. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं असेल, तर केंद्रापासून १० सेंटिमीटरवर वेग अर्धा टक्का वरखाली होतो; ६ सेंटिमीटरवर, म्हणजे बाजू संपत आली की, ०.८ टक्क्याच्या पुढे. अर्ध्या स्वराचे १०० भाग धरले तर हे सुमारे १४ भाग झाले. गाणाऱ्याच्या किंवा व्हायोलिनच्या आवाजात मुळातच कंप असतो, तिथे हे खपून जातं. सिंथचा धरून ठेवलेला स्वर सरळ रेषेसारखा असतो. तो हेलकावला की पोटात ढवळतं. ओळखण्याची युक्ती: हेलकावा मिनिटाला ४५ फेऱ्यांवर दर १.३३ सेकंदांनी आणि ३३ फेऱ्यांवर दर १.८ सेकंदांनी येत असेल तर दोष भोकाचा. त्याहून जलद थरथर असेल तर मोटर किंवा पट्टा बघा. सुई असलेली भुजा वरून पाहिली तर डावी-उजवीकडे झुलताना डोळ्यांनीही दिसते. या चारांपैकी १९८३ची एलपी तशी निघाली. भोक कानशीने मोठं करून तबकडी हाताने मध्यावर आणण्याचा उपाय लोक करतात. तो चालतो, पण कचरा खाचांत जातो आणि तबकडी पुन्हा विकता येत नाही.

त्या एलपीची दुसरी अडचण छपाईची चूक नाही, भूमितीची आहे. ३३ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत ६ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर जेमतेम २१. तेवढ्या कमी लांबीत स, श, च यांसारखे तीक्ष्ण आवाज कोरायचे म्हणजे दाटी होते आणि ते फाटल्यासारखे येतात. ४५ फेऱ्यांच्या बारा इंचीवर बाहेर ६९, आत २८. शिवाय एका बाजूला एकच गाणं, म्हणून खाचा ऐसपैस आणि आवाज मोठा कोरलेला. 'वामोस' दोन्हीवर ऐकून पाहा. बारा इंचीवर बासचा प्रत्येक टोला वेगळा कळतो. एलपीवर तोच एकमेकांना चिकटतो. एलपीत नुसती भरती आहे असं नाही. 'नो तेंगो दिनेरो', म्हणजे 'पैसे नाहीत', हे त्यातलं गाणं स्वतःच्या हिमतीवर उभं राहतं. पण ते आवडलं तर त्याचीही बारा इंची शोधावी.

बारा इंचीच्या बाबतीत एक चूक हमखास होते. आकार एलपीचा, म्हणून वेग ३३वर ठेवून वाजवतात आणि गाणं रडकं आहे असा निष्कर्ष काढतात. लेबलवर '४५ जिरी' की '३३ जिरी' छापलंय ते आधी पाहायचं. जिरी म्हणजे फेरे. खुद्द इटलीत ही चूक मुद्दाम करणारी एक शाळाच होती. गार्दा सरोवराकाठी लाझीझेच्या 'कॉस्मिक' क्लबमध्ये दानिएले बाल्देल्ली ४५ फेऱ्यांच्या तबकड्या ३३वर वाजवायचा. वेग २६ टक्के घटतो, मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं ८९वर येतं. रिगेइरावर हा प्रयोग करून पाहिला. वाद्यांना मजा येते, आवाज मात्र झोपेतून उठल्यासारखे वाटतात.

वेगावरून आणखी एक. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकाकडून जुनं पट्ट्याचं टर्नटेबल आणणारी घरं आपल्याकडे आहेत. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट मिळतात, पण विजेची वारंवारता ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर १६.७ टक्के मंद फिरते, गाणं तीन अर्ध्या स्वरांहून जास्त खाली उतरतं. मोटरच्या टोकाची चकती त्याच मॉडेलच्या ५० हर्ट्झवाल्या आवृत्तीची मिळाली तर काम होतं. डीसी मोटर असलेल्या यंत्रांना हा त्रास नाही.

इटालियन छपाई ओळखायची असेल तर दोन खुणा बघाव्यात. लेबलवर सिआए या लेखक-संगीतकारांच्या हक्क-संस्थेचं नाव किंवा शिक्का. आणि गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत, क्रमांकाशेजारी, कोरलेली तारीख. इटालियन तबकड्यांवर ही तारीख पुष्कळदा सापडते, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. दिव्याखाली तिरकी धरून वाचावी. कव्हरवर १९८३ आणि पट्टीत त्यानंतरचं वर्ष असेल तर ती नंतर कोरलेली प्रत. वाईटच असेल असं नाही, पण पहिल्या छपाईचा भाव तिला देऊ नये.

सफाई आल्याआल्या करावी, कितीही स्वच्छ दिसली तरी. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलिलिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्याहून जास्त नको. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेनेच गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं. साबण राहिला तर तोच सुईवर गोळा होतो आणि 'धुतल्यावर आवाज बिघडला' अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. नळाचं पाणी वापरू नये, क्षार खाचांत बसतात. उभी ठेवून अर्धा-पाऊण तास वाळवावी. हेच मिश्रण घरातल्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. बुरशी प्लास्टिकवर नाही, आधी कागदी आतल्या पाकिटावर धरते आणि तिथून खाचांत उतरते. जुनं पाकीट ठेवायचंच असेल तर वेगळं ठेवा, तबकडी पॉलिथिनचं अस्तर असलेल्या नव्या पाकिटात घाला. बाहेरचं कव्हर पीव्हीसीचं घेऊ नये. त्यातला मऊ करणारा घटक वर्षानुवर्षं झिरपतो आणि तबकडीवर पुसूनही न जाणारा धुरकट डाग पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, तबकड्या उभ्या आणि किंचित सैल. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेली तबकडी बशीसारखी वाकते. काचांमध्ये दाबून उन्हात ठेवण्याचा सल्ला ऐकू नये, त्यात वाक जातो तसा खाचांचा आकारही जातो.

सुईचं आयुष्य ३०० ते ५०० तास धरावं. बारा इंचीचा आवाज मोठा कोरलेला असल्याने झिजलेली सुई तिथे सर्वात आधी उघडी पडते, विशेषतः टाळ्यांच्या आवाजावर. २ ग्रॅमच्या सुईला दीड ग्रॅमवर चालवून तबकडी वाचवण्याचा विचार उलटा पडतो. हलकी सुई जोरकस खाचेत उडते, आपटते आणि जास्त नुकसान करते.

'लेस्ताते स्ता फिनेन्दो' या चौघींत सर्वात जास्त वाजली. उन्हाळा संपतोय, वर्ष जातंय, मी मोठा होतोय आणि ते मला आवडत नाही, असा त्याचा आशय. १९८५चा फेस्तिवालबार, म्हणजे इटलीतली उन्हाळी गाण्यांची स्पर्धा, याने जिंकला. ध्वनिमुद्रण 'वामोस'पेक्षा मऊ, सिंथचे थर रुंद, वरच्या पट्टीतली टोचणी कमी. थोडी थकलेली सुईसुद्धा याला सांभाळून घेते. याची चाल पुढे इटलीतल्या फुटबॉल मैदानांवर गेली, नापोलीच्या पाठीराख्यांनी उचलली, आणि २०१८मध्ये लिव्हरपूलचे लोक तीच 'आले आले आले' करून गाऊ लागले. फुटबॉल बघणाऱ्या घरात ही तबकडी लावली तर चाल लगेच ओळखली जाते, गाणं कोणाचं ते मात्र कोणालाच माहीत नसतं.

भावांनी या कमाईतून मिलानमध्ये लॉजिक स्टुडिओ उभारला. डिपेश मोड या ब्रिटिश बँडच्या 'व्हायोलेटर' या एलपीचं काही काम १९८९मध्ये तिथेच झालं. समुद्रकिनाऱ्याच्या गाण्यांची टिंगल करणाऱ्यांनी त्यातलं 'पर्सनल जीझस' लावताना हे आठवावं. कार्मेलो २०२२च्या नोव्हेंबरमध्ये गेला.

सात इंची घ्यायच्या असतील तर एक सूचना: बऱ्याच इटालियन सात इंचींचं मधलं भोक ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रासाठी, मोठं असतं, सुमारे ३८ मिलिमीटरचं. ते भोक भरणारा अडॅप्टर सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. प्लास्टिकचा बसवायचा तारांकित तुकडा टाळा आणि मधल्या खिळ्यावर ठेवायचा धातूचा घ्या; प्लास्टिकचा सैल बसतो, आणि मग वर सांगितलेला हेलकावा चांगल्या तबकडीतही सुरू होतो.