ऑलिम्पियाडची तयारी की वर्षभराचा प्रकल्प?

“मुलीला विज्ञानाची खूप आवड आहे, तिला कशात घालू?” मी विज्ञान शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये कानावर येतो. सातवी-आठवीच्या मुलांपुढे साधारण दोन वाटा असतात: ऑलिम्पियाड या स्पर्धा-परीक्षेची तयारी, नाहीतर स्वतःचाच एखादा प्रश्न घेऊन वर्षभर चालवलेला प्रकल्प. शाळा सांभाळून दोन्ही नीट होत नाही.

परीक्षा म्हणजे नुसती घोकंपट्टी, हे मला मान्य नाही. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची गणिताची चाचणी दिली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. गणितात वरच्या एक टक्क्यात असलेल्या या मुलांमध्येही सर्वांत वरच्या पाव हिश्श्यातल्यांनी खालच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त पीएचडी आणि पेटंटं मिळवली. म्हणजे त्या वयातल्या गुणांनाही अर्थ आहे. पण म्हणून चाचणीत मागे पडलेल्या मुलावर काट मारायची नसते. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून बुद्ध्यंक मोजून दीड हजारांवर मुलं निवडली. त्या चाचणीत निवडीइतके गुण न मिळालेल्या विल्यम शॉक्लींना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकीचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कोणालाही ते मिळालं नाही.

ऑलिम्पियाड या नावाने बऱ्याच खासगी परीक्षा चालतात. मी बोलते आहे ती मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाणारी. भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. फक्त एमसीक्यू सोडवून घेणारा क्लास मुलाला तिथवर नेत नाही.

तरी परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने घातलेला असतो आणि त्याला उत्तर आहे हे आधीच माहीत असतं. प्रकल्पात तसं नसतं, आणि माझा ओढा तिकडे आहे तो याचमुळे. पण प्रकल्प दिला की मूल आपोआप वैज्ञानिक पद्धतीने विचार करू लागतं, या समजुतीत राहू नका. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये मोठ्या माणसांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितला. त्यासाठी आपले तीन-तीन आकडे देऊन ते नियमात बसतात का, हे विचारता येत होतं. नियम इतकाच होता: आकडे चढते हवेत. लोक ८, १०, १२ असे आपल्या अंदाजाला जुळणारेच आकडे देत राहिले. अंदाज खोटा ठरवू शकेल असं काही बहुतेकांनी विचारलंच नाही. २९ जणांपैकी ६ जणांनीच पहिल्या झटक्यात बरोबर नियम सांगितला. शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्यांवर मला नेमकं हेच दिसतं: निष्कर्ष आधी, मापं नंतर.

यावर उपाय आहे, आणि तो शिकवता येतो. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या ११२ मुलांना उतारावरून चेंडू सोडण्याचे प्रयोग करायला दिले. उतार बदलला तर पृष्ठभाग आणि चेंडू तेच ठेवायचे, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सरळ शिकवलेल्या गटातल्या ७७ टक्के मुलांना जमलं. स्वतःच शोधा म्हणून सोडून दिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना जमलं. ज्यांना जमलं त्यांनी नंतर इतरांच्या प्रयोगांतल्या चुकाही तितक्याच चांगल्या ओळखल्या, मग ती रीत त्यांनी कशीही शिकलेली असो.

म्हणून आठवीपर्यंत मी प्रकल्पच सुचवते, पण शेजारी बसून विचारणारं मोठं माणूस असेल तरच. ते नसेल, तर चांगल्या शिक्षकाकडची ऑलिम्पियाडची तयारी बरी. मूल कोणी न सांगता पुस्तकातली अवघड गणितं रात्री उशिरापर्यंत सोडवत बसत असेल, तर प्रकल्पाचा आग्रह सोडा, त्याला तिकडेच जाऊ द्या.

प्रकल्प घेतलात तर पहिल्याच रविवारी वहीच्या पहिल्या पानावर मुलाकडून एक ओळ लिहून घ्या: “काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी म्हणेन?” ही ओळ लिहून होईपर्यंत सामान आणायला जाऊ नका.