‘बॉक्स नाही, पण माल ओरिजिनल’: क्रीगच्या आर्मीत आम्हाला कसं गंडवलं

मे महिन्याची सुट्टी लागली की छोटे सैनिक जोडून, रंगवून टेबलावर लढवायच्या आमच्या छंदातल्या लोकांची एकच विचारपूस सुरू होते, कोणी आर्मी काढतंय का? नवी आर्मी उभी करायला उन्हाळ्यासारखे दिवस नाहीत. पोरं घरी असतात, हवा कोरडी असते, गच्चीवर सकाळी लवकर प्रायमरचा स्प्रे मारून घेता येतो. एकदा जूनचा पाऊस धरला की दमट हवेत मॅट वार्निश पांढरट पडतं आणि काम दिवाळीपर्यंत लांबतं. यंदा मी आणि माझी बारा वर्षांची भाची मिळून वॉरहॅमर ४०,००० ची एक लहान आर्मी करणार होतो. त्यासाठी माल घेताना एका माणसाने आम्हाला ३८,००० रुपयांना गंडवलं. तो या खेळातला चांगला जाणकार होता आणि त्याने सगळं फार पद्धतशीर केलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९८७ पासून वॉरहॅमर ४०,००० काढते. जेमतेम दीड इंचाचे सैनिक सुट्या भागांतून आपणच जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर इंचांत अंतर मोजत, फासे टाकत लढवायचे. प्रत्येक तुकडीला पॉइंट असतात. मोठा सामना २,००० पॉइंटांचा, आमचा बेत १,००० चा होता. भाचीने क्रीगचे, म्हणजे खेळातल्या एका काल्पनिक ग्रहाचे सैनिक निवडले. तोंडावर गॅस मास्क, अंगात लांब ओव्हरकोट, पहिल्या महायुद्धातल्या खंदकातून थेट उठून आल्यासारखे. पोरीने शाळेच्या वहीत त्यांच्या कोटांचे रंग आधीच ठरवून ठेवले होते.

या क्रीगची एक पार्श्वभूमी आहे आणि फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. कित्येक वर्षं हे सैनिक फक्त रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेत मिळायचे, कंपनीच्या फोर्ज वर्ल्ड या शाखेकडून आणि भलत्या किमतीला. प्लास्टिकमध्ये ते पहिल्यांदा आले २०२१ मध्ये. मधल्या काळात नकला करणाऱ्यांचं चांगलंच फावलं. खऱ्या मूर्तीवरून सिलिकॉनचा साचा काढायचा, त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं, की झाला रीकास्ट. एका खऱ्या सैनिकावरून शेकडो निघतात. तयार साचे ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी धंदा थांबवलेला नाही. फक्त आता तोच माल ‘प्लास्टिक, ओरिजिनल, बॉक्स टाकून दिला’ असं सांगून खपवला जातो.

आमच्या विक्रेत्याने सुरुवात पैशांपासून केलीच नाही. आधी कोणते रंग वापरता, टेबल कोणाकडे आहे, भाची पहिल्यांदाच खेळतेय का, अशी चौकशी. मला दादा म्हणायचा. उन्हात स्प्रे मारू नका, रंग हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो, हे त्याने आपणहून सांगितलं आणि ते खरंही आहे. नोकरीसाठी जर्मनीला चाललोय, सामानात एवढं बसणार नाही, म्हणून सगळं काढतोय, असं कारण दिलं. पहिल्यांदा त्याने दहा सैनिकांचा एक सीलबंद बॉक्स दुकानापेक्षा थोड्या कमी भावात पाठवला. तो शंभर टक्के खरा होता. प्लास्टिक खरं, बेस खरे, आतली माहितीपत्रिकाही खरी. भाचीने दोन संध्याकाळीत ते दहाही जोडून काढले.

मग त्याने मोठा लॉट पुढे केला. पायदळाच्या दोन तुकड्या, जड शस्त्रांचे गट, घोडेस्वार आणि एक लेमन रस रणगाडा. बॉक्स जागा अडवतात म्हणून टाकून दिलेत, पण स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या फ्रेम, न कापलेले आहेत, असं म्हणाला. मी व्हिडिओ मागितला. तोही आला, आणि त्यात स्प्रूवरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. पैसे पाठवताना यूपीआयवर बाईचं नाव दिसलं. विचारल्यावर बायकोचं खातं आहे, माझं एनआरआय करायला दिलंय, हे उत्तर तयार होतं. पार्सल पोचल्यावर पैसे, याला मात्र नकार. बंगळुरूचा एक जण आज संध्याकाळी पूर्ण रक्कम टाकतोय, पण आर्मी पोरीकडे गेली तर मला बरं वाटेल, असं तो म्हणाला. या शेवटच्या वाक्याचा मला आजही सर्वात जास्त संताप येतो.

पार्सल उघडताना भाचीने मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवला होता. आत स्प्रू नव्हतेच. झिपच्या पिशव्यांत सुटे भाग, त्यांना जाडजूड ओघळांचे तुकडे चिकटलेले. पिशवी उघडताच उग्र रासायनिक वास आला आणि बोटांना तेलकटपणा लागला. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून जे रसायन लावतात, ते कोणी धुतलंसुद्धा नव्हतं. एका सैनिकाच्या कोटावरची जोडाची रेघ ब्लेडने खरवडली. खऱ्या प्लास्टिकची पेन्सिल तासल्यासारखी बारीक साल वळून येते. इथे पांढरी पूड पडली. मग दंडाला प्लास्टिक सिमेंट लावून हात बसवला. हे सिमेंट पॉलिस्टायरीनला थोडं विरघळवून दोन भाग एकजीव करतं, रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. थोड्या वेळाने हात टेबलावर गळून पडला होता.

पहिल्या बॉक्समधला खरा सैनिक शेजारी उभा केल्यावर तर बोलायला जागाच उरली नाही. नकली सैनिक किंचित बुटका होता, कारण ओतलेलं रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं आणि नकलेवरून नकल काढली की आणखी आकसतं. खऱ्याच्या मास्कच्या नळीवरचं प्रत्येक वळं दिसतं; याची नळी सपाट. संगिनीच्या टोकाला हवेचा बुडबुडा फुटून खड्डा पडलेला. दोन सैनिकांना बोटंच नव्हती. घोड्यांच्या पायांत वाकडेपणा होता आणि रणगाड्याची एका बाजूची साखळी गायब होती.

आता पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण पैशांपेक्षा मला ती मोठी वाटते. भाचीने कानस उचलून घासायला सुरुवात केली होती. प्लास्टिक घासायची तिला सवयच होती. रेझिनची बारीक पूड श्वासातून फुप्फुसात जाणं चांगलं नाही. ते घासायचं तर पाण्याखाली, ओल्या पॉलिश पेपरने, तोंडाला एन-९५ मास्क लावून, आणि शक्यतो मोठ्या माणसानेच. रेझिनला प्लास्टिक म्हणून विकणारा माणूस नेमकी हीच माहिती लपवतो. घरात लहान मूल या मालावर बसणार आहे हे त्याला माझ्याकडून पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तक्रार केल्यावर आधी उत्तर आलं की तुम्ही ब्लेड लावलंत, आता परत घेता येत नाही. उघडतानाचा व्हिडिओ आहे म्हटल्यावर त्याने ब्लॉक केलं. नंतर त्याचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकले, तर तीच आर्मी, तोच टेबलक्लॉथ, परदेशातल्या एका जुन्या जाहिरातीत सापडला. आणि स्प्रूचा तो व्हिडिओ? त्यातला भाग आमच्या पहिल्या, खऱ्या बॉक्समधलाच होता. कोपऱ्यातला वाकलेला तुकडा आमच्या डब्यात अजून आहे. म्हणजे पाठवण्याआधी त्याने तो बॉक्स उघडून व्हिडिओ काढला आणि पुन्हा सील केला.

१९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लागतो, तो बँकेच्या ॲपमध्ये मिळतो. पैसे पाठवल्यापासून पार्सल येईपर्यंत बरेच दिवस गेलेले, त्यामुळे त्या खात्यातून बहुतेक रक्कम पुढे निघून गेली होती. जी थोडी उरली होती ती गोठवली गेलीय. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला: पार्सल तर आलंय ना, मग फसवणूक कसली? हा मालाच्या दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. मी खरा आणि नकली सैनिक त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चॅटमधली ‘ओरिजिनल प्लास्टिक, खात्री देतो’ ही ओळ दाखवली आणि जाहिरातीतले चोरलेले फोटो पुढे केले. साहेबांनी चष्मा लावून दोन्ही नीट पाहिले आणि अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवून माल किंवा पैसा काढून घेणं बसतं, आणि खोट्या ओळखीने ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड आहे. ही दोन कलमं अर्जात आपणच लिहून न्यावीत, समोरच्याला विषय लवकर कळतो.

घेण्याआधी काय बघावं, तर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर थांबू नका. थेट व्हिडिओ कॉल मागा आणि कोणती फ्रेम उचलायची, कोणत्या बाजूने वळवायची हे तुम्ही सांगा. खऱ्या स्प्रूवर कंपनीचं नाव, वर्ष आणि प्रत्येक भागाशेजारी क्रमांक उठावात असतो. एखादा नको असलेला स्प्रूचा कोपरा समोर ब्लेडने खरवडून दाखवा म्हणा. साल की पूड हे कॅमेऱ्यात दिसतं. खरा विकणारा याला हरकत घेत नाही. माझ्याकडून नंतर ऑर्क ही याच खेळातली जुनी आर्मी घेणाऱ्या एका मुलाला मी हेच करून दाखवलं, पाच मिनिटं लागली. मोठा लॉट असेल तर प्रत्यक्ष भेटून घ्या. पुण्या-मुंबईत खेळणाऱ्यांच्या भेटी होतात, तिथे चार अनुभवी डोळे बरोबर असतात. आणि खात्यावरचं नाव विक्रेत्याचं नसेल तर कारण कितीही पटणारं असो, पैसे अडवून ठेवा.

थ्रीडी प्रिंटबद्दल मला काही जण विचारतात. ज्या डिझाइनरची फाइल आहे त्याचा व्यावसायिक परवाना घेऊन, प्रिंट आहे असं सांगून कोणी विकत असेल तर तो प्रामाणिक धंदा आहे आणि कमी पैशांत सुरुवात करणाऱ्यांना त्याचा आधार आहे. फक्त सामना कुठे खेळणार तिथे असे सैनिक चालतात का, ते आधी विचारून घ्या. कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत चालत नाहीत. माझा राग नकलेला खरं म्हणून विकणाऱ्यावर आहे. ज्याने मूळ मूर्ती घडवली त्यालाही तो लुबाडतो आणि ज्याने साठवलेले पैसे दिले त्यालाही.

आमचं काम थांबलेलं नाही. खऱ्या दहा सैनिकांचे करडे कोट रंगवून झालेत आणि रणगाडा आता दुकानातून, पावतीसकट आणायचं ठरलंय. नकली माल मी रंगवलेला नाही, विकणारही नाही. पुरावा म्हणून पिशव्यांसकट, कुरियरच्या पावतीसकट ठेवलाय. तो माणूस गेल्या महिन्यात वेगळ्या नावाने पुन्हा दिसला, या वेळी स्पेस मरीन या याच खेळातल्या दुसऱ्या सैनिकांचा लॉट घेऊन. टेबलक्लॉथ तोच, हिरव्या चौकडीचा. तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, १९३० वर नोंद करा आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो तक्रारीत अचूक लिहा. एकाच खात्याविरुद्धच्या तक्रारी एकत्र दिसल्या तर हा एका गिऱ्हाइकाशी झालेला मालाचा वाद आहे, असं म्हणून कोणाला त्या बाजूला ठेवता येणार नाहीत.